मालमोटार, तिचे कागद आणि तिचा चालक

वैशाख लागला की माळव्यातील मराठी घरांत देवगडच्या आंब्याची वाट पाहणे सुरू होते. पेटी आली, गवत बाजूला सारले, पहिला आंबा देवापुढे ठेवला, म्हणजे इंदूर आणि कोकण यांमधले अंतर त्या दिवसापुरते मिटते. नाशिकचा कांदा, जळगावची केळी, सांगलीची हळद ही मंडळीही वर्षभर रस्त्यानेच आपल्या स्वयंपाकघरात येत असतात. हे सारे ज्याच्या पाठीवरून येते त्या वाहनाशी मात्र आपला परिचय फारसा नाही. ते समोरून आले तर आपण अंग चोरून बाजूला होतो, मागून त्याचा भोंगा वाजला तर कपाळाला आठी घालतो, आणि वर्तमानपत्रात त्याचे नाव वाचतो ते बहुधा अपघाताच्या बातमीत.

मालमोटार रस्त्यावर येण्यापूर्वी आणि आल्यानंतर सरकार तिच्याकडून काय काय मागते, हे मागणे कोठून आले, त्याने माणसांचे जीव कितपत वाचतात आणि हे जाळे कोठे फाटके राहिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाचाच अहवाल सांगतो. दीड लाखाहून अधिक वस्तीचे एक गाव वर्षभरात नाहीसे व्हावे, असा हा आकडा आहे. हे सारेच मृत्यू मालमोटारींमुळे झाले असे नव्हे; तथापि वाहन जितके जड, तितका त्याचा आघात भयंकर, हे समजण्यास कोणत्याही अहवालाची गरज नाही.

आधी आगगाडी, मग माणूस

मोटारींसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा. त्या वेळी रस्त्यावर मोटारी थोड्या आणि बैलगाड्या अमाप, त्यामुळे कायद्याचे कामही बेताचेच होते. पुढे पंचवीस वर्षांनी, १९३९ साली, जो सविस्तर कायदा झाला त्यामागे एक निराळेच कारण होते. जागतिक मंदीच्या त्या काळात मोटारी रेल्वेचे उतारू आणि माल पळवू लागल्या होत्या. रस्ता आणि रेल्वे यांतील या चढाओढीची चौकशी १९३२-३३ साली मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी केली, आणि पुढे मोटारींना परवान्याच्या दावणीला बांधण्यात आले. विमा, वेगमर्यादा, गाडीची तपासणी या गोष्टीही त्या कायद्यात होत्या. परंतु परवान्याचे मूळ पाहू गेल्यास ते वाटसरूच्या जिवापेक्षा आगगाडीच्या तिजोरीभोवती घातलेले कुंपण होते, असेच म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतरही हे कुंपण बराच काळ तसेच राहिले. परवाने मोजके असत, म्हणून परवाना हीच एक मालमत्ता झाली होती. परप्रांतात जायचे तर राज्याराज्याची वेगळी परवानगी आणि वेगळा कर. ज्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली आहे त्यांना राष्ट्रीय परवान्याच्या गाड्यांचा तो सुकलेल्या पानासारखा तपकिरी रंग आणि त्याभोवतीचा पांढरा पट्टा आठवत असेल. तो रंग कोणाच्या हौसेचा नव्हता, नियमाने ठरवून दिलेला होता.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि मालवाहतुकीचे परवाने मागेल त्याला मिळू लागले. २०१० साली राष्ट्रीय परवान्याची नवी पद्धत आली. राज्याराज्याचा हिशोब जाऊन वर्षाला एकच एकत्रित रक्कम भरली की गाडीला देशभर फिरण्याची मोकळीक झाली. आमच्या मध्य प्रदेशाने तर १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन नाके बंद केले. सेंधव्याच्या नाक्यावर लागणाऱ्या लांबच लांब रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बदलाचे मोल वेगळे सांगावयास नको.

कुंपण असे एकेक बाजूने निघत गेले हे चांगलेच झाले. परंतु कुंपण काढताना राखणदार अधिक जागा असावा लागतो. तो किती जागा आहे, हा पुढचा प्रश्न.

गाडीचे सहा आणि चालकाचा एक

आज कोणत्याही मालमोटारीजवळ निदान सहा कागद असावे लागतात. पहिला नोंदणीचा. गाडीच्या पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत जो क्रमांक दिसतो तो या कागदावरचा. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची आणि पुढचा आकडा परिवहन कार्यालयाचा: एमपी ०९ म्हणजे इंदूर, जीजे ०६ म्हणजे बडोदे, केए २२ म्हणजे बेळगाव. दुसरा कागद गाडी धडधाकट असल्याच्या दाखल्याचा. त्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात. तिसरा परवाना, चौथा विमा, पाचवा धुराच्या तपासणीचा आणि सहावा कर भरल्याचा. सातवा कागद मात्र चालकाच्या खिशात असतो, तो म्हणजे त्याचे लायसन्स. याशिवाय प्रत्येक खेपेची बिल्टी निराळी, आणि मालाची किंमत पन्नास हजारांवर असेल तर २०१८ पासून ई-वे बिलही निराळे.

या सर्वांत माणसाच्या जिवाशी सर्वांत जवळचे नाते दुसऱ्या कागदाचे आहे. नव्या गाडीला हा दाखला दोन वर्षांचा मिळतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो. राष्ट्रीय परवान्यासाठी गाडीच्या वयालाही मर्यादा आहे: सामान्य गाडीला बारा वर्षे आणि अनेक आसांच्या गाडीला पंधरा. तपासणीत ब्रेक, दिवे, सुकाणू, चाके, मागचे लाल आणि पुढचे पांढरे चमकते पट्टे पाहावयाचे असतात. लहान मोटार मागून धडकली तर ती मालमोटारीच्या पोटाखाली शिरू नये म्हणून मागे आडवा दांडा असावा लागतो, तोही पाहावयाचा असतो. १ ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या बहुतेक मालगाड्यांना ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारे वेगनियंत्रकही बसवावे लागते. टँकर, डंपर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ही मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे.

नियम असे चोख आहेत. परंतु एका निरीक्षकाने दिवसभरात अनेक गाड्यांभोवती फेरी मारून, डोळ्यांनी पाहून, सही करावयाची, अशी ही तपासणी वर्षानुवर्षे चालत आली. ब्रेकची ताकद डोळ्यांना दिसत नाही. म्हणून २०२१ साली केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. या केंद्रांत गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो हे यंत्राने मोजतात, दिव्याचा झोत मोजतात, आणि आकडे आपोआप नोंदले जातात. माणसाची सही विकत मिळू शकते, यंत्राच्या आकड्याला तितक्या सहजासहजी फितवता येत नाही, हा त्यामागचा विचार. केंद्रे सर्वत्र पुरेशी उभी राहतील तेव्हाच त्याचे फळ दिसेल.

ओझ्याचा हिशोब

आता वजनाकडे वळू. दोन आसांच्या ट्रकचे मालासकट एकूण वजन पूर्वी १६.२ टनांपेक्षा अधिक चालत नसे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ही मर्यादा १८.५ टनांवर नेली, आणि तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टनांवर. नव्या गाड्यांची बांधणी अधिक भक्कम झाली आहे, हे त्याचे कारण. परंतु मर्यादा वाढली म्हणून ती ओलांडण्याची सवय गेली, असे झालेले नाही.

जादा ओझ्याने रस्त्याचे काय होते याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाच्या गाड्या अहोरात्र फिरवून रस्ता किती झिजतो ते मोजले गेले. निघालेला निष्कर्ष आमच्या विद्यार्थ्यांना गणिताच्या तासाला सांगण्यासारखा आहे: आसावरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. म्हणजे एक लोभी खेप सोळा शहाण्या खेपांइतका रस्ता खाऊन टाकते, आणि त्या खड्ड्यांचे पैसे आपण सर्वजण भरतो.

पूर्वी काही राज्यांत जादा वजनाच्या गाडीकडून दंड घ्यायचा आणि तशीच पुढे जाऊ द्यायची, असा प्रघात पडला होता. दंड म्हणजे जणू जादा ओझ्याचे भाडेच झाले होते. परमजीत भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये निकाल दिला आणि ही वाट बंद केली: जादा माल जागच्या जागी उतरवल्यावाचून गाडी हलता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात या गुन्ह्याचा दंड वीस हजार रुपये, अधिक प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये, असा केला. हा दंड केवळ गाडी हाकणाऱ्याला नाही. हाकावयास लावणाऱ्याला आणि हाकू देणाऱ्यालाही आहे. चालक हा मालक नसेल, तर जादा ओझे मालकाच्या माहितीने किंवा हुकुमानेच भरले गेले असे न्यायालय गृहीत धरू शकते, अशीही तरतूद कायद्यात आहे.

इतके असून ओझे का वाढते? याचे उत्तर माणसाच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा त्याच्या वहीत शोधावे. आपल्याकडील बहुसंख्य मालक एका किंवा दोन-चार गाड्यांचे धनी असतात. गाडी कर्जाची, हप्ता महिन्याचा, डिझेल रोखीचे, टायर महागाचे, आणि भाडे मात्र दलाल ठरवील ते. जाताना माल मिळाला तरी येताना मिळेलच असे नाही. रिकामी फेरी घरातल्या पैशाने करावी लागते. अशा वेळी आणखी तीन टन भरले तर हप्ता सुटतो, हा मोह साध्या संसारी माणसालाही होतो. नियम करणाऱ्याने ही वही वाचली नाही, तर नियम कागदावर राहतो.

घाट आणि गिअर

ओझे, ब्रेक आणि उतार या तिघांची गाठ कोठे पडते ते पाहावयाचे असेल तर इंदूरहून धुळ्याकडे निघावे. राऊ सोडले, मानपूर ओलांडले की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. धार जिल्ह्यातील गणपती घाट हा त्याच उताराचा भाग. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांनी येथे इतके बळी घेतले की अखेर उतार कमी असलेला नवा मार्ग काढावा लागला. खलघाटाला नर्मदा ओलांडून, सेंधवा मागे टाकून पुढे गेले की बिजासनचा घाट लागतो आणि तो उतरला की महाराष्ट्र. सीमेपलीकडे, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, ४ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशाकडून येणारा एक कंटेनर वाटेतल्या वाहनांना उडवीत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. निदान दहा माणसे दगावली. त्यांत बसची वाट पाहत उभे असलेले लोक होते. ब्रेक निकामी झाले होते, असे सांगण्यात आले.

‘ब्रेक निकामी झाला’ हे शब्द आपण दैवगती असल्यासारखे वाचतो. परंतु ब्रेक एकाएकी दगा देत नाही. बहुधा त्याला थकवलेले असते. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. अठ्ठावीस टनांची गाडी लांब उतारावर केवळ ब्रेकने रोखून धरली, तर ड्रम तापत जातात, अस्तर गुळगुळीत होते, आणि शेवटी पाय पायपट्टीवर दाबून धरला तरी गाडी धरत नाही. जुने वस्ताद चालक नव्या पोरांना सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढते आणि ब्रेक थंड राहतो. याच्या उलट, चार लिटर डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड काही जणांना असते. तेव्हा इंजिनाचा आधार सुटतो आणि सारा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. त्यात ठरल्यापेक्षा पाच टन अधिक भरलेले असले, तर पुढे काय होणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

गाडीची नोंद होते, पेढीची होते का?

येथे आम्हांस या व्यवस्थेतील मुख्य उणीव दिसते. आपला कायदा गाडी तपासतो आणि चालक तपासतो. परंतु गाडी केव्हा निघावी, किती भरावी, केव्हा पोहोचावी हे ठरवणारी पेढी या दोघांच्या मागे सावलीत उभी असते. अपघात झाला की चालकाला पकडतात, गाडी जप्त होते, आणि पेढीची दुसरी गाडी त्याच रात्री त्याच वाटेने निघते.

अमेरिकेत या बाबतीत निराळी पद्धत आहे. तेथे १ जानेवारी २००० पासून केवळ मालमोटारी आणि प्रवासी बस यांच्या सुरक्षिततेसाठी एक स्वतंत्र केंद्रीय कार्यालय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या कंपनीला तेथे क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो गाडीच्या दोन्ही बाजूंना ठळक लिहावा लागतो. गाडीत सापडलेला दोष, चालकाने मोडलेला नियम, झालेला अपघात, सारे त्या कंपनीच्या खात्यावर चढते. नव्या कंपनीची नोंदणी झाल्यावर काही काळ तिच्यावर विशेष लक्ष ठेवून तिची तपासणी होते. दहा तास सलग विश्रांती घेतल्यावरच चालकाने गाडी हाती घ्यावी, आणि मग अकरा तासांपेक्षा अधिक ती हाकू नये, असा दंडक आहे. तो पाळला की नाही हे गाडीतील यंत्रच नोंदवून ठेवते. तेथे अपघात होत नाहीत असे नाही. पण दोष कोणाच्या खात्यावर लिहावा, याचे उत्तर तेथे चालकापाशीच संपत नाही.

आपल्याकडे पेढीची नोंदणी अगदीच नाही, असे मात्र समजू नये. १८६५ सालच्या जुन्या कायद्याची जागा घेणारा रस्ते मालवाहतूक कायदा २००७ साली संमत झाला आणि १ मार्च २०११ पासून अमलात आला. लोकांचा माल भाड्याने नेण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येक पेढीने या कायद्याखाली नोंदणी करावयाची, प्रमाणपत्र मुख्य कार्यालयात लावावयाचे, आणि ते दहा वर्षांनी नवे करून घ्यावयाचे. गाडीच्या नोंदणीपत्रातील मर्यादेपेक्षा अधिक माल भरू नये, हे बंधनही हा कायदा पेढीवरच घालतो. परंतु या कायद्याचा जीव मुख्यतः मालाच्या नुकसानभरपाईत आहे. पेढीच्या गाड्यांना किती अपघात झाले, तिचे चालक किती तास जागे होते, याचे खाते त्यात नाही. ते उघडले गेले, तर मालमोटारींच्या सुरक्षिततेच्या बाबतीत एवढे मोठे पाऊल आजवर पडले नाही, असे म्हणता येईल.

चालकाची झोप, चालकाची शाळा

आम्ही सरकारी शाळेतले. ट्रान्सपोर्ट नगराच्या बाजूची मुले आमच्या वर्गांत येतात. सातवी-आठवीत एखादा मुलगा अनियमित होऊ लागतो, मग येईनासा होतो. चौकशी करावी तर तो कोणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून गेलेला असतो. पाच-सात वर्षांनी तोच मुलगा नमस्काराला येतो, तेव्हा चालक झालेला असतो. असाच एक जण आम्हांस सांगत होता, “सर, गाडी चालवणे अवघड नाही. तिसऱ्या रात्री डोळे उघडे ठेवणे अवघड आहे.”

त्याच्या या वाक्यासाठी कायदा पूर्वीच झालेला आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, लांबच्या पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाचा विसावा सांगितला. १९८८ च्या मोटार कायद्यानेही चालकांच्या तासांसाठी त्याच कायद्याकडे बोट दाखवले. मात्र १९६१ चा कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. एक-दोन गाड्यांच्या धन्याकडे पाहणारे कोणी नव्हते, आणि आपल्याकडे असेच धनी अधिक. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा तो कायदा त्यांत विलीन झाला. संहितेचे शब्द कितीही सुंदर असोत, मध्यरात्री महामार्गावर चालकाचे तास कोण मोजणार, हा प्रश्न तिलाही विचारावा लागेल.

१९८९ च्या नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या जड गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्याला पाय पसरून निजता यावे अशी बाकाची सोय असावी, अशी अट घातली होती. ज्याने ती अट लिहिली त्याला झोपेची किंमत कळत होती. अलीकडची एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. जेठाच्या उन्हात इंजिनाच्या धगीशेजारी बारा तास बसलेल्या माणसाला ही चैन नव्हे. त्याचे डोके थंड राहण्यात समोरून येणाऱ्याचाही जीव आहे.

शिक्षणाचा प्रश्न अधिक अवघड आहे. भाड्याची वाहने चालवण्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट काही वर्षे होती. २०१९ मध्ये ती काढून टाकण्याचे ठरले. कारण असे देण्यात आले, की न शिकलेल्या पण कुशल माणसांची उपजीविका या अटीने बंद होते. कारण खोटे नाही. ज्याला शाळेने सोडले, त्याला गाडीनेही सोडू नये, हे आम्हांसही पटते. पण धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे, हा नियम आहेच. कारण टँकरवरची सूचना वाचता न येणे म्हणजे काय, हे गळती झाल्यावर कळून उपयोगाचे नसते. तेव्हा अट काढली तर काढावी, परंतु तिच्या जागी प्रशिक्षण उभे करावे, असे आमचे मत आहे. नुसती अट काढणे म्हणजे पूल पाडून नाव न देणे होय.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी नव्या न्यायसंहितेत तरतूद होती, तिच्याविरुद्ध तो संप होता. थांबलो तर जमाव मारील आणि पळालो तर कायदा, असे चालकांचे म्हणणे होते. जखमीला तसेच टाकून जाणे अक्षम्यच. पण रस्त्यावर जमून, दोष कोणाचा हे न पाहता मोठ्या गाडीच्या चालकाला झोडपणारे हातही आपल्यातलेच असतात. ती संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, तेव्हा हे एक पोटकलम स्थगित ठेवण्यात आले.

घरच्या माणसांसाठी

आता हे सारे वाचून आपण काय करावे? आपण परवाने देत नाही की गाड्या अडवत नाही. परंतु बदली झाली, मुलीचे लग्न झाले, घर हलवावे लागले, तर मालमोटारीशी आपलाही व्यवहार होतो. त्या वेळी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, सामान नेणाऱ्या पेढीला २००७ च्या कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. ते दाखवण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्या हाती आजीचे कपाट देऊ नये. दोन, येणाऱ्या गाडीचा क्रमांक आधी विचारून घ्यावा. सरकारच्या एम-परिवहन या भ्रमणध्वनीवरील सेवेत तो घातला की फिटनेस आणि विमा यांची मुदत आहे की संपली, ते दिसते. तीन, बिल्टीवर सामानाची खरी किंमत लिहून घ्यावी. मोठी किंमत लिहून दिलेली नसेल, तर सामान हरवल्यास भरपाई भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चार, नुकसान झाले तर पेढीचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नसते. मात्र सामान पोहोचवण्यास दिल्यापासून १८० दिवसांच्या आत पेढीला लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी तक्रार करीत बसलेल्या सज्जन माणसाची मुदत निघून जाते.

आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही कायद्यात नाही. ‘उद्या सकाळपर्यंत सामान पोहोचलेच पाहिजे’ असा आग्रह आपण धरतो, तेव्हा त्या आग्रहाची किंमत कोणाच्या तरी झोपेतून वसूल होते. शक्य असेल तेथे एक दिवस अधिक द्यावा. गाडी दारात आली की चालकाला आणि क्लीनरला पाणी विचारावे, पंख्याखाली घटकाभर बसू द्यावे. आपल्याकडे वाटसरूला गूळपाणी देण्याची रीत होती. तिला हा वाटसरू अपवाद का असावा?

शाळांनीही काही करावे. जड गाडीचे लायसन्स वीस वर्षांच्या आत मिळत नाही, आणि त्याआधी निदान वर्षभर हलक्या गाडीचे लायसन्स हाती असावे लागते, हे आठवीतल्या मुलांना सांगितले पाहिजे. आम्ही ते सांगतो. चौदा वर्षांच्या मुलाला गाडीवर नेणाऱ्याला हे पाहुणचाराने नव्हे, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, आणि दोन-तीन वेळा सांगितल्यावर मुलगा परत वर्गात बसलेलाही आम्ही पाहिला आहे.

बडोदे, बेळगाव, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वाचकांच्या घरांवरूनही हे महामार्ग जातात. काहींच्या घरी स्वतःच्या गाड्या असतील, काहींचे चिरंजीव या धंद्यात असतील. आपापल्या बाजूचा घाट, नाका, तपासणी केंद्र यांचा अनुभव, बरा असो वा वाईट, त्यांनी संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावा. चालकांच्या घरच्या बायकांनी लिहिले तर फारच उत्तम. रात्री दोन वाजता फोन वाजला की पहिल्यांदा त्यांच्याच छातीत धस्स होते.